सीटबेल्ट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि मागच्या सीटवरची आमची आत्या)

मी सांगलीत ड्रायव्हिंग शिकवतो, अठरा वर्षं झाली. विश्रामबाग ते मिरज रोडवर मागं लाल 'एल' लावलेली गाडी वीसच्या स्पीडनं चाललेली दिसली आणि तुम्ही हॉर्न मारत बसला असाल तर ती माझीच असणार, माफी असावी. खालचे प्रश्न मला क्लासमध्ये, लग्नात, चहाच्या गाड्यावर, एकदा तर मयतीतसुद्धा विचारलेत. दरवेळी तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्रम काही लावलेला नाय, जसं आठवलं तसं.

गावातल्या गावात जायचंय, विश्रामबागेतून गणपती पेठेत, तिथं कशाला बेल्ट?

हा एक नंबरचा प्रश्न. लोकांच्या डोक्यात बेल्ट म्हणजे हायवेचा. पेठ नाका आला की लावायचा, कराड सोडलं की लावायचा, तासवडे टोलनाक्याच्या आधी तर सगळेच शिस्तीत.

आता हिशोब बघा. पन्नासच्या स्पीडला गाडी चाललीय आणि कशाला तरी धडकून जागेवर थांबली, तर गाडी थांबते पण तुम्ही नाय थांबत, तुमचं अंग पन्नासनंच पुढं जात असतं. त्या स्पीडला जे आदळणं होतं ते साधारण बत्तीस फुटांवरून पडल्यासारखं असतं. आपल्या भागात शेतात विहिरी आहेत सगळ्यांच्या, एप्रिलमधली कोरडी पडलेली विहीर डोळ्यापुढं आणा, काठावरून तोंडावर खाली. तीसच्या स्पीडला हाच हिशोब साडेअकरा फुटांवर येतो, म्हणजे घराच्या स्लॅबवरून पडल्यासारखं. आणि ऐंशीला ब्याऐंशी फूट, ती विहीर आपल्याकडं जास्त कोणाची नसेल. स्पीड दुप्पट झाला की मार चौपट होतो, दुप्पट नाय, ही गोष्ट शाळेत शिकलेलो असतो पण गाडीत बसल्यावर विसरतो.

आणि गावात पन्नास कोणी जात नाय असं म्हणू नका, रात्री दहानंतर कॉलेज कॉर्नरला उभं राहून बघा.

मी स्टेअरिंग घट्ट धरतो, हात टेकवून सावरता येतं की?

नाय येत. तुमचं वजन सत्तर किलो धरा. पन्नासवरून शून्यावर यायला एक सेकंदाचा दहावा भाग लागला असं धरलं तर त्या क्षणाला ते साधारण हजार किलोसारखं पुढं ढकलतं. एक टन ऊस दोन हातांनी अडवून दाखवा, मग बोलू.

आमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, शोरूमवाल्यानं सांगितलंय बेल्टची तेवढी गरज नाय.

शोरूमवाल्याला स्टेअरिंगवरची किंवा डॅशबोर्डवरची अक्षरं वाचायला सांगा. 'एसआरएस' लिहिलेलं असतं. त्यातला पहिला एस 'सप्लिमेंटल'चा, म्हणजे पुरवणी. मूळ पेपर बेल्ट आणि एअरबॅग ही त्याला जोडलेली पुरवणी. मूळ पेपर कोरा ठेवून पुरवणी कोण जोडतं?

एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगानं ती तुमच्याकडं येते. बेल्ट असेल तर तुम्ही मागं धरलेले असता आणि ती पूर्ण फुगून झाल्यावर तुम्ही तिच्यात रुतता. बेल्ट नसेल तर ब्रेक लागतानाच तुम्ही पुढं सरकलेले असता आणि ती फुगता फुगता तोंडावर बसते, म्हणजे उशी नाय, बुक्की. म्हणून स्टेअरिंगपासून छातीपर्यंत निदान दहा इंच अंतर ठेवा, बुटक्या लोकांनी सीट एकदम पुढं ओढून छाती स्टेअरिंगला टेकवून बसायची सवय सोडा. क्लासमध्ये मी हे टेप लावून मोजतो, पोरं हसतात, हसू देत.

मागं बसणाऱ्यालाही लागतो का? खरं सांगा.

लागतो. कायद्यानंही लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १३८ नंबरचा नियम आहे, त्यात पुढं बसणारा आणि मागच्या समोर तोंड असलेल्या सीटवर बसणारा दोघंही आलेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ब खाली १००० रुपये दंड कायद्यात लिहिलाय. पण आपल्याकडं मागच्याला कोण अडवतं? म्हणून कोणी लावत नाय. दंडाला घाबरून लावायची वस्तू असा एकदा समज झाला की जिथं दंड नाय तिथं वस्तू पण नाय.

आणि गंमत बघा, मागं बसतं कोण? घरातली मोठी माणसं, पाहुणे, लेकुरवाळी, पोरं. म्हणजे ज्यांना आपण मान देऊन "तुम्ही मागं बसा निवांत, ऐसपैस" म्हणतो त्यांनाच उघडं सोडतो आणि आपण पुढं बांधून घेऊन बसतो.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. गाडी भारी होती, एअरबॅगा होत्या, सगळं होतं. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनीच सांगितलं. त्याच्या आधी ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे साहेब. दिल्लीतल्या दिल्लीत, सकाळच्या वेळी विमानतळाकडं जाताना, तेही मागच्याच सीटवर. हायवे नाय, घाट नाय. तेव्हाही महिनाभर मागच्या बेल्टची चर्चा झाली आणि मग आपण विसरलो.

अजून एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. मागचा बिनबेल्टचा माणूस पुढच्याला मारतो. तो पाठीमागून सीटसकट पुढच्यावर जाऊन आदळतो, मग पुढच्यानं बेल्ट लावलेला असून काय उपयोग. जपानमधल्या अपघातांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता, त्यात मागचे लोक बेल्टशिवाय असतील तर पुढच्या बेल्टवाल्यांचा मरणाचा धोका साधारण पाचपट निघाला होता. तेव्हा "त्यांचं त्यांनी बघावं" हे ड्रायव्हरला परवडत नाय.

हे तुम्ही एवढं पोटतिडकीनं सांगताय, तुमच्याकडं काय झालं होतं का?

झालं होतं. कराडहून लग्न उरकून येत होतो, रात्रीचे साडेदहा-अकरा, उसाचा सीझन. गाडी मी चालवत होतो, शेजारी बायको, मागं आत्या एकटीच आणि तिच्या बाजूला सीटवर लाडवांचा स्टीलचा डबा. पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्ट्याच्या अलीकडं एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागं दिवा नाय, रिफ्लेक्टर नाय, चाकाला दगड लावलेला आणि माणूस जॅक आणायला गेलेला. आपल्याकडं सीझनमध्ये रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे चित्र नवं नाय. मी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडं ओढली, तरी डावा कोपरा ट्रॉलीला लागलाच. स्पीड तेव्हा तीस-पस्तीसवर आलेला असेल.

मला आणि बायकोला खांद्यावरून छातीपर्यंत बेल्टचा काळानिळा पट्टा उठला, आठवडाभर दुखला, संपलं. आत्या पुढच्या सीटच्या हेडरेस्टवर तोंडावर आपटली. वरचे दोन दात, डावं मनगट, ओठ फाटलेला. आणि तो लाडवांचा डबा दोन सीटच्या मधून उडून पुढच्या काचेवर आला, काचेला डब्याच्या काठाची गोल तडा. तो डबा तीन किलोचा असेल. आत्या साठ किलोची.

हॉस्पिटलमध्ये तोंडाला कापूस धरून ती मला म्हणाली, "तू मला सांगितलंच न्हाईस की रं, मागं पण पट्टा असतो म्हणून."

क्लासमध्ये तेव्हापर्यंत हजारभर लोकांना शिकवून झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीचं मागचं सीट बघितलं तर बकल दिसेचना. सीट कव्हर टाकलेलं, बकल त्याच्या खाली. कव्हर उचकटलं तर बकलांवर कंपनीची प्लास्टिकची पिशवी तशीच, चार वर्षं.

म्हणजे सीट कव्हरमुळं बकल खाली जातं? आमच्या गाडीत पण दिसत नाय.

जातं म्हणजे घालवतात. कव्हर शिवणारा मागचं सीट सपाट दिसावं म्हणून बकल खाली दाबून वरून कव्हर ताणतो, आणि गिऱ्हाईक पण खूश, "बघा कसं फिट्ट बसलंय". आज गाडी उघडा आणि मागच्या सीटच्या फटीत हात घाला. तीन बकल सापडले पाहिजेत. काही जुन्या गाड्यांत मधल्याला नुसता कमरेचा पट्टा असतो, तो असेल तर तोही वापरा, काही नसण्यापेक्षा बरा. कव्हरवाल्याकडं जाऊन तिथं चीर मारून कडेला शिवून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. कव्हर नवीन घेणार असाल तर सीटच्या कडेला एअरबॅग आहे का तेही सांगा, त्या जागेची शिवण वेगळी लागते, जाड कव्हर टाकलं तर एअरबॅग आतल्या आत अडकू शकते.

सोसायटीत किंवा गल्लीत एका रविवारी सगळ्यांनी मिळून एवढंच बघितलं तरी खूप झालं. आमच्या गल्लीत अकरा गाड्या बघितल्या, सात गाड्यांत बकल गाडलेले. एकीत बकलासोबत लहान मुलाचा बूट आणि दोन रुपयाची तीन नाणी निघाली.

बेल्ट नाय लावला की होणारा टुंग टुंग आवाज डोकं उठवतो, तो बंद करायला बकलात नुसती खोचायची क्लिप मिळते ती लावली तर?

लावू नका, आणि कोणाला गिफ्ट पण देऊ नका, मला एकदा दिवाळीत आली होती, गाडीच्या कंपनीचा लोगो असलेली, चकचकीत. ज्यानं दिली त्याला वाटलं ड्रायव्हिंगवाल्याला आवडेल. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील, शॉपक्लूज या पाच साईटना असल्या क्लिपा काढून टाकायला लावल्या, १३,११८ लिस्टिंग काढल्या गेल्या. एवढ्या प्रकारच्या क्लिपा विकायला होत्या म्हणजे घेणारे किती असतील बघा.

आवाज बंद करायचा सोपा उपाय कंपनीनं आधीच गाडीत दिलेला आहे. तुमच्या डाव्या खांद्याच्या, नाहीतर उजव्या खांद्याच्या वर लोंबतोय.

गाडी पेटली, नाहीतर पाण्यात गेली, नाहीतर दरीत गेली तर बेल्टमुळं अडकून राहतो ना माणूस?

हे सांगणारा माणूस प्रत्येक लग्नात एक असतो आणि त्याच्या ओळखीतला एक जण नेहमी "बेल्ट नव्हता म्हणून बाहेर फेकला गेला आणि वाचला" असतो. जे फेकले गेले आणि वाचले नाहीत ते लग्नात येऊन सांगत नाहीत, एवढाच फरक.

आग लागणारे आणि पाण्यात जाणारे अपघात एकूण अपघातांत फार थोडे. आणि त्यातसुद्धा बाहेर पडायला शुद्ध लागते. डोकं डॅशबोर्डवर आपटून बेशुद्ध पडलेला माणूस बेल्ट नसला तरी बाहेर पडत नाय. बेल्ट असेल तर तुम्ही शुद्धीवर राहायची शक्यता वाढते आणि लाल बटण दाबायला एक सेकंद लागतो.

दरीचं म्हणाल तर पसरणी घाट, यवतेश्वर घाट, आंबेनळी, सगळीकडं मी पोरांना घेऊन जातो. गाडी गडगडायला लागली की आत बसलेला माणूस मिक्सरमधल्या शेंगदाण्यासारखा होतो, आणि बाहेर पडला तर बऱ्याचदा तीच गाडी त्याच्यावरून जाते. "दरवाजा उघडून उडी मारेन" म्हणणाऱ्याला मी म्हणतो आधी उभ्या गाडीतून दोन सेकंदात उतरून दाखव, तेही मोबाईल न पडता.

खंबाटकी घाट उतरताना काय करायचं?

हा बेल्टचा प्रश्न नाय पण विचारतातच. पुण्याकडं जाताना जुना बोगदा संपला की उतार लागतो आणि पुढं ते एस वळण, तिथं मालाच्या गाड्या उलटलेल्या सगळ्यांनी बघितल्यात. बोगद्यातच स्पीड कमी करा, खालचा गिअर टाका, ट्रकच्या बाजूनं समांतर जाऊ नका, त्याच्या मागं तरी राहा नाहीतर पुढं तरी. आणि सुरूर फाट्यापासूनच मागच्यांना उठवून बेल्ट लावायला सांगा, झोपलेलं माणूस सावरूच शकत नाय.

गरोदर बाईनं लावावा का? पोटाला दाबतो, सासूबाई नको म्हणतात.

लावावा, आणि नीट लावावा. खालचा पट्टा पोटावरून नाय, पोटाच्या खालून, मांड्या जिथं सुरू होतात तिथं कमरेच्या हाडावर आला पाहिजे. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेनं खाली. सीट थोडी मागं सरकवा. पोटावरून आडवा पट्टा टाकला तर मात्र सासूबाईंचं बरोबर आहे, तो धोक्याचा. नऊ महिने पूर्ण होईपर्यंत लावायचाच, कारण आईला मार लागला की बाळालाही लागतोच, आईला वाचवणं हेच बाळाला वाचवणं. काही वेगळी अडचण असेल तर आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारा, माझ्यावर नका जाऊ.

लहान मूल मांडीवर घेतलं तर? आमचा बाळ एकटा बसतच नाय.

दहा किलोचं पोर पन्नासच्या स्पीडला धडकेत साधारण एकशेचाळीस किलोसारखं होतं. कारखान्यातली साखरेची पोती पन्नास किलोची येतात, तशी जवळजवळ तीन. तुम्ही कितीही कवटाळा, हातातून सुटणार. आणि तुम्ही स्वतः बेल्टशिवाय असाल तर पोर सुटत नाय, उलट पुढच्या सीट आणि तुमच्या मधे चेमटतं, ते त्याहून वाईट.

एकाच बेल्टमध्ये तुम्ही आणि पोर दोघं? नको, तेच होतं.

लहान मुलाची सीट घ्या. महाग वाटते, मान्य, पण पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा हॉल आणि डीजे बघितलाय मी. तान्ह्या बाळाची सीट मागं तोंड करून बसवायची, आणि मागच्या सीटवरच. पुढं एअरबॅग चालू असलेल्या सीटवर मागं तोंड केलेली बाळाची सीट कधीच नाय, एअरबॅग फुगली की थेट सीटच्या पाठीवर बसते. कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळसीट नसेल तर तो दंड गाडी चालवणाऱ्याला आहे, पोराला किंवा त्याच्या आजीला नाय. मोठ्या माणसाचा बेल्ट पोराच्या गळ्यावर येत असेल तर उंची अजून पुरेशी नाय, खाली बूस्टर, म्हणजे पोराला उंच करणारी घट्ट बैठक ठेवा. उशी ठेवू नका, ती सरकते.

आणि सनरूफमधून पोराला बाहेर काढून महाबळेश्वर दाखवणाऱ्या पप्पांनो, काय बोलू राव.

शर्टची इस्त्री मोडते / साडीच्या निऱ्या चुरगळतात / मंगळसूत्र रुततं / ढेरी आहे.

इस्त्रीवाल्या पुढाऱ्यांना माझं काही सांगणं नाय, ते ऐकत नाहीत. साडीला: आधी बसा, पदर मांडीवर घ्या, मग बेल्ट पदराच्या आतून खांद्यावर. मंगळसूत्र बेल्टच्या वर काढून घ्या म्हणजे दाबत नाय. ढेरीला: पट्टा ढेरीच्या खालून, ढेरीवरून नाय, ढेरीवर ठेवला की धडकेत तो पोटात घुसतो. पोटात हाडं नसतात, कमरेला असतात, म्हणून बेल्ट नेहमी हाडावर पाहिजे. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, बगलेतून खाली घातलेला बेल्ट हा बेल्ट नव्हे. पट्टा पिळलेला नको. थंडीत जाड जर्किन घातलं असेल तर त्याची चेन उघडा आणि बेल्ट आत घ्या.

सीट आडवी करून झोपायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवा, तसं झोपलात की धडकेत पट्ट्याखालून घसरून पुढं जाता.

बेल्ट ओढताना अडकतो, खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाय, तो त्याचं काम करतोय. आत एक रीळ असतं, त्याला दोन गोष्टी कळतात, पट्टा झटक्यात ओढला गेला की लॉक आणि गाडी एकदम थांबली किंवा कलली की लॉक. म्हणून चढावर उभ्या गाडीत कधी कधी बेल्ट निघतच नाय, गाडी सपाटीवर घ्या, निघतो. हळू ओढा. आता नवीन गाड्यांत धडक झाली की आतला फटाक्यासारखा छोटा बार उडून बेल्ट आधी आवळतो आणि मग छातीवर जास्त जोर येऊ लागला की थोडा सैल सोडतो, सगळं डोळे मिटायच्या आत. हे एकदा उडालं की ते बेल्ट बदलायचेच, नुसतं डेंटिंग-पेंटिंग करून आणू नका. जुनी गाडी घेताना पण बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटपर्यंत, कडा विसविशीत झाल्यात का, उंदरानं कुरतडलाय का.

बाय द वे हा तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन नावाच्या इंजिनिअरनं काढला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. नाहीतर प्रत्येक गाडीत त्याचे पैसे मोजावे लागले असते.

बेल्टमुळंच बरगडी मोडली असं एकाचं झालं.

होऊ शकतं. बरगडी मोडते, हासळी मोडते, वळ उठतो. खोटं कशाला सांगू. पण बरगडी जुळते. फक्त एक, अपघातानंतर पोटावर बेल्टचा आडवा वळ दिसत असेल आणि पोट दुखत असेल तर "मला काय झालं नाय" म्हणून घरी जाऊ नका, डॉक्टरला तो वळ दाखवा. आत आतड्याला मार असू शकतो आणि तो काही तासांनी कळतो.

वडापमध्ये (शेअर जीपमध्ये), एसटीत बेल्ट नसतोच, तिथं काय करायचं?

एसटीत ड्रायव्हरला असतो, आपल्याला बहुतेक नसतो. जिथं नाय तिथं नाय. वडापच्या जीपमध्ये मागं आडव्या बाकड्यावर चौदा लोकं आणि दोघं लोंबकळत, तिथं बेल्टचं बोलणं म्हणजे चेष्टाच. पण पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं तर तिथला बेल्ट लावा, बेल्ट एकाचा आणि बसलेले दोघं असतील तर मात्र कठीण आहे. ट्रकवाल्यांनो, तुम्हालाही लागतो, उंच बसलो म्हणजे सुरक्षित असं नसतं, ट्रक उलटला की ड्रायव्हर केबिनबाहेर पडून त्याच केबिनखाली येतो.

माझी गाडी, माझा जीव. सरकारला काय करायचंय?

हा प्रश्न एका वकिलानं विचारला होता, मजा आली. जीव तुमचा, मान्य. पण अपघातानंतर तुम्ही तुमचे राहत नाय. तुम्हाला आणायला १०८ ची गाडी जाते, त्या वेळी त्याच भागात कोणाला तरी हार्ट अटॅक आलेला असतो. सिव्हिलला रक्त लागतं, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून काढलेलं असतं. आयसीयूचा बेड लागतो. डोक्याला मार असेल तर घरातलं एक माणूस कामधंदा सोडून तुमच्यापाशी, महिने, कधी कधी वर्षं. म्हैस विकली जाते, मग जमिनीचा तुकडा.

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सहासष्ट टक्क्यांच्या वर १८ ते ४५ वयाची, म्हणजे कमावती. त्याच सरकारी अहवालात बेल्ट न लावलेले १६,७१५ मृत्यू आहेत, ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ सोबतचे प्रवासी. रोजचे साधारण सेहेचाळीस, एक भरलेली एसटी रोज. सगळेच वाचले असते असं नाय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पुढच्याचा मरणाचा धोका बेल्टनं साधारण निम्म्यानं कमी होतो, मागच्याचा मृत्यूचा आणि गंभीर दुखापतीचा साधारण पाव हिस्स्यानं. पोलिओच्या डोसाबद्दल आपण "माझं पोर, माझी मर्जी" म्हणतो का? हा तर फुकटचा डोस, सुई पण नाय. जगात पहिल्यांदा बेल्टची सक्ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० मध्ये केली, तेव्हा तिथंही वकील होतेच.

अपघात दिसला, आतला माणूस बेल्टमध्ये अडकलाय, काय करायचं?

१०८ ला फोन, हायवेवर असाल तर १०३३ पण चालतो. गाडीचं इंजिन बंद करा. माणूस शुद्धीवर असेल आणि आगीचा धोका नसेल तर ओढाताण करू नका, मानेला मार असू शकतो. गाडी उलटी असेल तर बटण दाबायच्या आधी त्याला खालून आधार द्या, नाहीतर बेल्ट सुटला की तो डोक्यावर पडतो, हे घाईत सगळे विसरतात. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पळू नका, कायद्यात कलम १३४ अ आहे, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाय. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये विचारा.

म्हातारी माणसं ऐकत नाहीत, पाहुण्यांना सांगायला लाज वाटते.

पाहुण्यांना सांगू नका, लावून द्या. दार उघडून बसवता ना, तसाच पट्टा ओढून हातात द्या, कोणी नको म्हणत नाय. गाडी सुरूच करू नका, काही बोलू पण नका, आरशात बघत बसा. दोन मिनिटांत सगळे लावतात.

आमच्या आत्याला आता सांगावं लागत नाय. उलट परवा माझ्या मेव्हण्याच्या नव्या गाडीत बसली, फटीत हात घातला, बकल सापडेना, तर उतरूनच उभी राहिली. "आधी ते कव्हर काप, मग बसते." शोरूममधून आणून तीन दिवस झालेले, लिंबू-मिरची अजून ताजी. मेव्हणा माझ्याकडं बघतोय, मी आभाळाकडं.

कापलं शेवटी.

बेल्ट घाण झालाय, धुवायचा कसा?

पूर्ण बाहेर ओढा, वरती कपड्याच्या चिमट्यानं अडकवा म्हणजे परत आत जाणार नाय. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसा. ॲसिड, ब्लीच, पेट्रोल काही नको, धागा कमजोर होतो. रिळात तेल सोडू नका. सावलीत पूर्ण वाळू दे, मगच आत सोडा, ओला सोडला की वास येतो. गुटख्याचा डाग जात नाय, प्रयत्न करून बघितलाय.